बाईंचो डबो आणि दोनशे चौदा खडपं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे. बटण दाबलं की मिनिटभरात उठून बसतो, मध्येच गोठत नाही, कुरकुरत नाही. माझ्या वयाचे बाकीचे संगणक कधीच भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले. कोणीही म्हणेल, नशीबवान आहेस गड्या. पण मला विचाराल, तर मी आजारी होतो तेव्हाच बरा होतो. असं का म्हणतो, तेच सांगायला बसलो आहे. मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. कणकवलीच्या बाजारपेठेत जिन्याखाली एक दुकान होतं. तिथे एका माणसाने सोळा वर्षांपूर्वी पत्र्याची पेटी एकीकडची, आतला बोर्ड दुसरीकडचा आणि पंखा तिसरीकडचा असं करत मला जुळवलं. अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. सुरुवातीला मला याची जरा लाज वाटायची. नंतर कळलं की नाव नसलेल्या वस्तूला लोक स्वतःच नाव देतात, आणि ते जास्त टिकतं.

मला न्यायला सुभद्राबाई आल्या. त्याच वर्षी त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं खडू धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती, पेन धरलं की कळ यायची. लिहायची हौस मात्र तेवढीच होती. कोणीतरी त्यांना सांगितलं, की संगणकावर एका बोटानेही लिहिता येतं. झालं! बाई दुसऱ्या दिवशी एसटीने कणकवलीत हजर. परतताना त्यांनी माझी पेटी मांडीवर घेतली, पडदा शेजारच्या सीटवर बसवला आणि मालवण येईपर्यंत त्या सीटवर कोणाला टेकू दिलं नाही.

मालवणच्या दक्षिणेला अगदी किनाऱ्याला लागून बाईंची वाडी. घरात त्या एकट्याच. मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, नारळ ठेवला, आणि शेजारच्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. बाईंच्या हातून ह्या यंत्राकडून चार चांगली कामं करून घे, चुकलंमाकलं तर सांभाळून घे, असं त्यांनी देवाला बजावलं. जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हटलं. मलाही म्हणायचं होतं, पण तोपर्यंत माझा प्लग लावलेला नव्हता.

वाडीत मला संगणक असं कोणी म्हटलंच नाही. ‘बाईंचो डबो’ हेच माझं नाव पडलं. कोणाचा परवान्याचा अर्ज, कोणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, जत्रेतल्या दशावतारी नाटकाची जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम, सगळं माझ्यातून बाहेर पडायचं. बाई एका बोटाने लिहायच्या, खट्… खट्… आणि पुढे उभा असलेला माणूस प्रत्येक अक्षराला मान डोलवायचा. खंडेनवमीला मला झेंडूचा हार असायचा. मी जरा फुगलोच होतो तेव्हा, खोटं कशाला बोलू.

समुद्रकाठची खारी हवा म्हणजे लोखंडाची सासूच. दिसत नाही, पण सुखाने जगू देत नाही. माझ्या पोटात एक लहानसा भोंगा होता. आत काही बिघडलं की त्याने टीं टीं करून मालकाला हाक मारायची, एवढंच त्याचं काम. चौथ्या पावसाळ्यातच तो गंजून मुका झाला. तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही गेलं नाही, कारण त्या दिवसांत माझं काही दुखतच नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या वाडीत भिकाजी तांडेल राहायचे. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. साठ वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आणि उतारवयात त्यांची दृष्टी गेली. इथल्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली खडपं फार. काही खडक ओहोटीला डोकं वर काढतात, काही कधीच काढत नाहीत. त्यांना चुकवायचं तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. देवळाचा कळस आणि टेकडीवरचा एकटा माड एकापुढे एक आले, की होडी डावीकडे घ्यायची, अशा. मोठ्या बोटींवर आता नकाशा दाखवणारं यंत्र असतं. पण जाळी घेऊन काठाकाठाने जाणाऱ्या लहान होड्यांना अजून खुणाच लागतात, आणि जुन्या खुणा माहीत असलेली माणसं एकेक करून चालली होती. तांडेलांच्या पुतण्याची होडी दिवसाढवळ्या अशाच एका खडपावर फुटली. माणसं वाचली. त्याच आठवड्यात तांडेल बायकोचा हात धरून बाईंच्या दारात आले.

“बाय, माझे डोळे गेले, पण खडपां थंयच आसत,” ते म्हणाले. “लिवन घे. पण कपाटात ठेवू नको. छापून दर होडीत एक दी.”

तीन हिवाळे हे काम चाललं. रोज दुपारी काशीबाई नवऱ्याला हाताला धरून आणायच्या आणि स्वतः दाराशी तांदूळ निवडत बसायच्या. तांडेल डोळे मिटून एकेक खडप सांगायचे. त्याचं नाव, त्याच्या खुणा, कुठल्या महिन्यात तिथे कोणती मासळी मिळते, आणि नाव का पडलं तेही. ‘दोन जावा’ ही जोडी, कारण त्यांच्यामधून पाणी जाताना दिवसरात्र भांडण चाललेलं. ‘म्हातारीचो दात’ ओहोटीला एकटाच वर दिसायचा. ‘उपाशी’ नावाच्या खडपाजवळ कधी कोणाला मासाच मिळाला नव्हता. ‘पावण्याचो फातर’ म्हणजे पाहुण्याचा दगड, कारण तिथे भरतीची वाट बघत तासभर बसावंच लागतं. दिवसाच्या शेवटी बाई लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायच्या. तांडेल चुका काढायचे. काशीबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या हातातलं सूप थांबवून ऐकायच्या. नवरा समुद्रावर काय करतो, हे त्यांना लग्नानंतर साठ वर्षांनी पहिल्यांदा कळत होतं, कारण हा माणूस घरी समुद्राचं अवाक्षर काढत नसे.

दोनशे चौदावं खडप सांगून झालं त्या दिवशी तांडेल सरकत माझ्याजवळ आले. मग हात पुढे करून त्यांनी माझी पेटी चाचपली. म्हणाले, “आता माझ्या डोक्यात कायव नाय. सगळा तुझ्या डब्यात.”

मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं, पण माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता. त्यानंतर महिन्याभरात, फाल्गुनात, तांडेल गेले.

बाईंना ते फार लागलं. माझ्यावर जुन्या साडीचं आवरण पडलं आणि वर्षभर ते निघालंच नाही. छापायचं तर होतंच, पण आज नको, उद्या बघू. मी आवरणाखाली बसून राहिलो. धूळ आत आली, खारट हवा आत आली. यादीची कागदावर एकही प्रत नव्हती. थेट माझ्यात लिहिलेली, माझ्यातच ठेवलेली. एकदमच पुस्तक छापू, तोवर कशाला कागद नासा, असं बाईंचं म्हणणं होतं.

या वर्षी वैशाखात आगोटीची कामं निघाली. आगोट म्हणजे आमच्याकडची पावसाळ्यापूर्वीची आवराआवर. लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी डब्यात भरायची, आणि घरात जे जे लोखंडाचं असेल त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. विळी, कोयती, कुलपं, बिजागऱ्या, शिवणाचं मशीन, कशालाच सुट्टी नाही. नाहीतर भाद्रपदात कोयती हातात घ्यावी तर नुसता गंजाचा चुरा हाती येतो. बाईंनी त्या दिवशी ठरवलं होतं, की या नारळी पौर्णिमेला तांडेलांचं पुस्तक किनाऱ्यावर वाटायचंच. म्हणून त्यांनी माझं आवरण काढलं. एका बाजूचा पत्रा उघडला, मऊ कुंच्याने धूळ झाडली, आणि त्यांना आत मेमरीच्या दोन पट्ट्या दिसल्या. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. त्या दातांवर हिरवट झाक आली होती.

“अरे माझ्या कर्मा,” बाई हळहळल्या. त्यांनी दोन्ही पट्ट्या अलगद काढल्या, वाटीतल्या खोबरेलात बोट बुडवलं आणि लहान मुलाच्या डोक्याला लावावं तितक्या मायेने त्या दातांना तेल लावलं. मग पट्ट्या होत्या तशा खोचल्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर्षभराने कोणीतरी अंगावरून हात फिरवत होतं. त्या तेलावर धूळ बसेल, दातांचा जागेशी नीट संबंध राहणार नाही, आपलंच डोकं भ्रमिष्ट होईल, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

पण झालं तसंच. मी चालू व्हायचो खरा, पण मध्येच गोठायचो, मध्येच निळा पडायचो. बाईंना वाटलं, वय झालं. त्यातच कणकवलीच्या छापखान्याने कळवलं, की तुमच्या जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडणार नाही, नव्या फॉन्टमध्ये करून इंटरनेटवरून पाठवा. माझ्यावरची जुनी विंडोज या दोन्ही गोष्टींना कामाची नव्हती. तेव्हा बाईंनी सुशांतला निरोप धाडला. यादी त्यांनी आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पेनड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसलं, तसा तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला. फाइल उघडून पाहिली नाही.

सुशांत हा बाईंचाच विद्यार्थी. कणकवलीत त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. चौथीत असताना त्याने शाळेचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बघितलं होतं, आणि बाईंनी त्याला आख्ख्या वर्गापुढे उभं करून सुनावलं होतं, की ज्याची माहिती नाही त्याच्यात हात घालू नये. सुशांत ती गोष्ट हसून सांगायचा. आपण मेकॅनिक झालो ते त्या दिवसामुळेच, असंही म्हणायचा. बाईंना मात्र ती चांगली आठवत होती.

तो आला, चहा घेतला, माझा पत्रा उघडला, वाकून आत बघितलं. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला. डॉक्टर विचारतात ना, काही खाल्लं होतं का, तसा.

“बाईनू, आत कोणी हात घातल्यानी काय?”

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, “नाय.”

मित्रांनो, एवढासा शब्द. माझा भोंगा शाबूत असता तर मी तिथल्या तिथे टाहो फोडला असता. सुशांतने पुढे काही विचारलं नाही. बाई नाही म्हणाल्या म्हणजे नाही. ज्यांनी खरं बोलायला शिकवलं, त्यांची उलटतपासणी कोण घेणार?

माझ्यावर नवीन विंडोज चालणार नव्हती, म्हणून हलकं लिनक्स टाकायचं ठरलं. सुशांतच्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला मी तयार होईना. माझ्या जुन्या बोर्डाला ती रीत ठाऊकच नव्हती. मग सुशांतने दुसऱ्या दिवशी डीव्हीडी करून आणली. पडद्यावर काम दाखवणारी रेघ सरकू लागली. दहा टक्के, वीस, बत्तीस, आणि थांबली. एक फाइल वाचता येत नाही, असा निरोप आला. पुन्हा सुरू केलं. या वेळी एकसष्ट टक्क्यांवर. तिसऱ्यांदा सत्तेचाळीस. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडायचं आणि दर वेळी वेगळ्याच फाइलचं नाव यायचं. जाणत्याने इथेच ओळखायला हवं होतं, की दोष मेमरीत आहे. सुशांत जाणता होताही, पण मेमरीची तपासणी म्हणजे चार-पाच तास मोडणार, आणि आत तर कोणी हात घातलेला नाही. त्याने डीव्हीडी बदलली. लेन्स पुसली. माझी घड्याळाची बॅटरी मेली होती आणि मी अजून सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी दाखवत होतो, तीही नवी घातली. पुन्हा अठ्ठावन्न टक्क्यांवर ठप्प. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. शेवटी त्याने निदान केलं, की डिस्क गेली असणार. आहे ते सगळं पुसून, प्रत्येक जागा तपासत नव्याने आखून घेऊ. कुठे खराब असेल तर कळेल, नसेल तर कोरी होईल.

“बाईनू, डिस्क पुरी पुसूक व्हयी,” तो म्हणाला. “आत कायव ऱ्हवता काय?”

बाईंनी पदराची गाठ सोडून पेनड्राइव्ह दाखवला. “सगळा हेच्यात घेतलंय.”

“उघडून बघितलात?”

“नाव दिसला ना त्यात.”

सुशांतचा हात पेनड्राइव्हकडे जरासा गेला आणि मागे आला. समोर बाई होत्या. एकदा सांगितल्यावर पुन्हा पडताळून बघायचं, म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं दिसलं असतं. दोघंही एकमेकांचा मान राखत होती आणि मी मध्ये बसलो होतो. त्याने होकाराचं बटण दाबलं.

दोन तास लागले. भर दुपार होती, बाई आत मासे तळत होत्या, सुशांत ओटीवर फोनवर बोलत होता. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला जात होतो. कुठलं नाव आधी गेलं, ते मला सांगता येणार नाही, कारण नावं साठवायची जागाच ती होती. तुम्ही म्हणाल, मग मघाशी ‘दोन जावा’ आणि ‘उपाशी’ कसे सांगितलेस? ते नंतर कळेल. एवढं मात्र आठवतं, की पुसणं संपलं तेव्हा मला फार हलकं वाटलं, आणि ते हलकेपण मुळीच चांगलं नव्हतं.

डिस्कमध्ये एकही खराब जागा निघाली नाही. सुशांत खूश झाला. पुन्हा डीव्हीडी घातली. एकोणचाळीस टक्के. थांबलं.

मग, आता दुसरं काय उरलंय अशा आविर्भावात, त्याने मेमरीची एक पट्टी ओढून काढली. ती हातातून निसटली. त्याने बोट बोटावर घासलं, नाकाशी नेलं.

“बाईनू,” तो हळूच म्हणाला, “ह्या खोबरेल आसा?”

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात उलथनं तसंच. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसाचं दिसू लागलं. मी त्यांना सोळा वर्षं बघत होतो, पण त्या म्हाताऱ्या आहेत हे मला त्या दिवशी दिसलं.

“मीच लावलंय,” त्या म्हणाल्या. “आगोटीक. गंज येयत होतो म्हणान.”

“मगे मी इचारलंय तेव्हा?”

“लाज वाटली रे. तुका त्या घड्याळासाठी उभो केल्लंय मी.”

सुशांतने टेबलावरच्या पेल्यातला खोडरबर घेतला आणि एकेक सोनेरी दात घासून स्वच्छ केला. खाचा पुसल्या, पट्ट्या पुन्हा बसवल्या. वीस मिनिटांत नवी प्रणाली न अडखळता शंभर टक्के चढली. पडद्यावर निळंशार चित्र आलं. मी इतका चपळ कधीच नव्हतो.

मग त्याने पेनड्राइव्ह लावला. फाइल होती. नाव होतं. आत मात्र चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसलेतरी आकडे, पानामागून पान. सुशांतने जुना फॉन्ट टाकूनसुद्धा तीन तऱ्हांनी उघडून बघितली. तिन्ही वेळा तेच. शेवटी त्याला सांगावंच लागलं, की कुठलीही फाइल इथून तिथे जाताना ह्या मेमरीच्या पट्ट्यांमधूनच जाते. तेल लावल्यानंतर जे काही त्यांतून गेलं, ते नासूनच गेलं. बाईंनी प्रत काढली ती आगोटीनंतर. मूळ यादी माझ्यात धड होती. मी आजारी होतो तोवर ती शाबूत होती, मित्रांनो, आणि मला बरं करण्याच्या नादात ती गेली.

त्याने माझी डिस्क काढून कणकवलीला नेली, आठ दिवस ठेवली, ओळखीच्या दोघांना दाखवली. काही निघालं नाही. इतकं नीट पुसलं होतं त्याने, कामाचा चोखच ना! परत आला तेव्हा ओटीवर उभाच राहिला. चूक माझी, मी एकदा पेनड्राइव्ह उघडून बघायला हवा होता, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. बाईंनी त्याला बळेच बसवलं, पाणी दिलं, आणि त्याचं काही चुकलं नाही म्हणून सांगितलं. मला वाटतं, चुकलं दोघांचंही. पण त्याची चूक बाईंच्या एका शब्दावर उभी होती, आणि ते बाईंना पक्कं ठाऊक होतं.

तांडेलांच्या बरोबरीचे दोघे अजून हयात आहेत असं कळलं, तशा बाई भर पावसात दोन्हीकडे जाऊन आल्या. एक आता माणसंही ओळखत नाहीत. दुसऱ्यांनी खूप विचार करून चार खडपं सांगितली, ती चारही बाईंना आठवतच होती. मग बाई माझ्यासमोर बसल्या आणि आठवतील तशी नावं लिहू लागल्या. पहिल्या दिवशी एकोणीस झाली. आठवड्याने तीस. नारळी पौर्णिमेपर्यंत सदतीस. मघाशी मी तुम्हाला सांगितलेली नावं ह्या सदतिसातलीच. बाकीची मलाही माहीत नाहीत.

पौर्णिमेला होड्या सजल्या, ढोल वाजले, वाडीतली माणसं नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली. बाई गेल्या नाहीत. दुपारी काशीबाई नारळीभाताचा डबा घेऊन आल्या. पुस्तक झालं नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. छापखान्याने उशीर केला असेल, असा त्यांचा समज. दाराशी नेहमीच्या जागी बसत त्यांनी सांगितलं, की आज तांडेलांच्या तोंडचं थोडं वाचून दाखव.

बाईंनी मला चालू केलं. वाचायला सुरुवात केली. नाव, खुणा, मासळी, नावामागची गोष्ट. काशीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच हसल्या, ‘म्हातारीचो दात’ आला तेव्हा. पस्तीस, छत्तीस, सदतीस. बाई थांबल्या.

“पुढे?” काशीबाई म्हणाल्या.

आज एवढंच, घसा बसला, असं काहीही सांगता आलं असतं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्यांदा त्यांना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. तेल, सुशांतचा प्रश्न, आपण दिलेलं उत्तर, सगळं. सांगताना त्या रडल्या. मी त्यांना आधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

काशीबाईंनी रागावायला हवं होतं. निदान दोन शब्द बोलायला हवे होते. त्यांनी बसल्या जागेवरून माझ्या पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “माका वाटायचा, तो हंय आसा.”

एवढं बोलून त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि भिंतीला धरत उठून गेल्या. त्या दिवसापासून त्या आलेल्या नाहीत. बाई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. त्यांनी चहा दिला, चौकशी केली, पण तांडेलांचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला नेहमी एकच सांगतात, आमची काळजी घ्या. मी तसं कुठल्या तोंडाने सांगू? माझी काळजी घेतली गेली म्हणूनच हे झालं. बाईंच्या तेलाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या किनाऱ्यावर लोखंड तेलानेच वाचतं, तिथे दुसरं कोणी काय केलं असतं? माझं मागणं वेगळं आहे. कोणाची ठेव तुमच्याकडे असेल, तर तिची दुसरी प्रत काढा आणि ती उघडून, वाचून बघा. नुसतं नाव बघून गाठ मारू नका. आणि कोणी विचारलं, की हात घातला होता का, तर हो म्हणा. समोर तुमचाच विद्यार्थी असला तरी हो म्हणा. हसेल फार तर घटकाभर. आमच्यासारख्या मुक्यांच्या वतीने बोलणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नसतं.

आता रोज दुपारी बाई मला उघडतात. सदतीस नावं पहिल्यापासून वाचतात. मग खाली कालचं ३८ पुसून एका बोटाने नव्याने ३८ लिहितात, पुढे टिंब देतात, आणि हात मांडीवर ठेवून बसतात. कधी ओठ हलतात, कधी बोट उचललं जातं आणि पुन्हा खाली येतं. ऊन उतरलं की त्या मला बंद करतात. बंद करण्यापूर्वी मी विचारतो, बदल साठवायचे का? बाई हो म्हणतात. मी ते ३८ आणि त्यापुढचं टिंब साठवून ठेवतो.